वळण लिहिता येते, पण तपासता येते का?

सी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली खरी कसोटी अट आणि लूप या प्रकरणांत लागते. तोवर आज्ञावली वरून खाली सरळ चालत असते. येथून ती वळू लागते, मागे येते, काही ओळी गाळते. आपल्याकडे अनेक विद्यार्थी यासाठी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे इंग्रजी पुस्तक हाती घेतात. १९९० च्या दशकापासून त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. शिकवणाऱ्याला ही प्रकरणे कितपत पुरतात, ते आपण पाहू.

पुस्तकाचे गुण उघड आहेत. निर्णय, आवर्तन आणि अनेक पर्यायांतून निवड यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. वाहनचालकांच्या विम्याचे उदाहरण तर वर्गात जरूर घ्यावे. चालक विवाहित असेल, किंवा अविवाहित पुरुष ३० पेक्षा अधिक वयाचा, किंवा अविवाहित स्त्री २५ पेक्षा अधिक वयाची असेल, तरच विमा. हेच उदाहरण आधी एकात एक इफ घालून आणि मग ‘आणि’, ‘किंवा’ या क्रियांनी सोडवले आहे. एकच विचार दोन रूपांत दिसतो. गोटूबद्दलचा इशाराही स्पष्ट आहे.

आमची तक्रार वेगळी आहे. इफच्या सुरुवातीच्या उदाहरणात १००० पेक्षा अधिक नग घेतल्यास १० टक्के सूट मिळते. आज्ञावली चालवून दाखवताना दर १५.५० रुपये आणि नग १२०० व २०० घेतले आहेत. उत्तरे बरोबर येतात. पण विद्यार्थ्याने चुकून ‘१००० किंवा अधिक’ अशी अट लिहिली, तरी हीच उत्तरे येतील! चूक उघडी पडते ती नेमके १००० नग दिल्यावर. तेव्हा १५,५०० ऐवजी १३,९५० रुपये दिसतात. म्हणजे ज्या आकड्यावर अट खरी-खोटी ठरते, तोच तपासायचा राहिला.

चाकणच्या औद्योगिक परिसरातील शिक्षकांना हे समजावणे सोपे आहे. तेथील वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कार्यशाळांत काम करणारे पालक त्यांच्या वर्गातील मुलांच्या घरी असतात. भोक तपासायच्या प्लग गेजला दोन टोके असतात. ‘गो’ टोक किमान मापाचे, ते आत गेलेच पाहिजे; ‘नो-गो’ कमाल मापाचे, ते जाता कामा नये. तपासणी होते ती मर्यादेवर. मधल्या मापाचे गेज कोणी करत नाही. अटीचेही तसेच आहे. त्याच वाहनांतील नियंत्रकांच्या आज्ञावल्याही बहुधा सी भाषेत असतात, हे मुलांना जरूर सांगावे.

पुस्तक मर्यादेपर्यंत जातच नाही, असे नव्हे. जुन्या आवृत्तीत ३२७६७ पर्यंत मोजणारा लूप कधीच थांबत नाही, हे दाखवले आहे. दोन बाइटच्या पूर्णांकात ३२७६७ नंतर -३२७६८ येतो, म्हणून अट कायम खरी राहते. उदाहरण नामी आहे, पण आजच्या संगणकावर पूर्णांक सहसा चार बाइटचा असल्याने तो लूप निमूटपणे थांबतो. जुनी प्रत वापरणाऱ्या शिक्षकाने हा खुलासा केला नाही, तर विद्यार्थी पुस्तकालाच खोटे ठरवेल.

क्वचित लागणारी वाट न तपासल्यास काय होते? १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत ए. टी. अँड टी. कंपनीची लांब पल्ल्याची दूरध्वनी सेवा सुमारे ९ तास विस्कळीत झाली. स्विचच्या आत, इफमध्ये लिहिलेल्या एका ब्रेकमुळे नियंत्रण भलतीकडे गेले होते. ठराविक वेळेत पाठोपाठ दोन संदेश आले, तरच ती वाट लागत असे.

म्हणून हे पुस्तक जरूर वापरावे, पण आज्ञावली संगणकावर चढवण्याआधी वहीत तक्ता करून घ्यावा. विम्याच्या उदाहरणात निदान पाच ओळी हव्यात: विवाहित; अविवाहित पुरुष ३० आणि ३१ वर्षांचा; अविवाहित स्त्री २५ आणि २६ वर्षांची. प्रत्येक ओळीचे उत्तर आधी हाताने काढावे. लूप असेल तर तो एकदाही चालला नाही, एकदाच चालला आणि शेवटच्या फेरीला पोचला, अशा तीन वेळा पाहाव्यात. यास एक तासिका जास्त लागेल. पण उत्तर बरोबर आले म्हणजे आज्ञावली बरोबर आहे, ही समजूत तेवढ्यात मोडते.