रेखांची जादू आणि स्मरणाची साक्ष

अमेरिकेतील आर्केडांत, म्हणजे नाणे टाकून यंत्रावर खेळावयाच्या दालनांत, 1983च्या जूनमध्ये ‘ड्रॅगन्स लेअर’ हा खेळ आला. त्या वेळी जे शाळकरी वयाचे होते ते आज पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि ह्या खेळाचे नाव निघाले की त्यांचा स्वर ओलावतो. असा खेळ पुन्हा झाला नाही, असे त्यांचे म्हणणे. ह्या साक्षीची उलटतपासणी व्हावी असे आम्हांस वाटते. कारण तीत खरे पुष्कळ आहे, आणि जे खरे नाही ते त्यात बेमालूम मिसळून गेले आहे.

खरे ते आधी मान्य करू. त्या काळच्या इतर यंत्रांवरचे चित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांची जुळणी. त्यांच्या शेजारी एकाएकी डॉन ब्लूथ ह्यांच्या चित्रशाळेतील हाती काढलेली सचेत चित्रे झळकली. ब्लूथ 1979 साली डिस्ने सोडून आपले सहकारी घेऊन बाहेर पडलेले. 1982चा ‘द सीक्रेट ऑफ निम्ह’ हा त्यांचा चित्रपट. त्यांची चित्रे लेसर-डिस्कवर साठविलेली असत, आणि कोणता तुकडा केव्हा दाखवावयाचा एवढेच यंत्र ठरवी. कथानायक डर्क हा शूर खरा, पण लटपटणारा. पाय घसरला की त्याचे सारे अंग तोल सावरू पाहते, डोळे विस्फारतात, किंकाळी फुटते. त्याचे मरण तर नाना परींचे. तो चिरडतो, होरपळतो, गिळला जातो, आणि शेवटी सांगाडा होऊन उभा राहतो. आमच्या मते ब्लूथ ह्यांची विनोदबुद्धी सर्वांत मोकळी झाली ती ह्या मरणांतच. राजकन्या डॅफ्नी मात्र निव्वळ पुरुषी हौसेचा नमुना आहे; तिच्यावर अधिक शाई खर्चण्याचे कारण नाही.

आता खेळाकडे वळू. हाती एक दांडा व तलवारीची एक कळ. नेमक्या क्षणी नेमक्या दिशेला दांडा वळवावा, चुकल्यास मरण. दुसरी वाट नाही, तिसरी युक्ती नाही. जे घडावयाचे ते आधीच चितारून ठेवलेले. खेळणाऱ्याने ते पाठ करावयाचे. (1984च्या ‘स्पेस एस’मध्ये काही ठिकाणी दोन वाटा दिल्या गेल्या, पण मूळ स्वभाव पालटला नाही.) आणि एरवी 25 सेंटांत खेळ होत असता येथे 50 सेंट मोजावे लागत! नवख्याचे पैसे पाहता पाहता बुडत. ज्याला सर्व चाली मुखोद्गत, त्याच्याभोवती गर्दी जमे. कित्येक ठिकाणी ह्या गर्दीसाठी यंत्राच्या माथ्यावर दुसरा पडदा बसविलेला असे.

हा दुसरा पडदा आम्हांस सर्वांत बोलका पुरावा वाटतो. आज ज्याची हळहळ केली जाते तो पुष्कळांच्या बाबतीत स्वतः खेळलेला खेळ नव्हे. दुसऱ्याच्या खांद्यावरून, त्याच्या पैशाने पाहिलेले नाटक होय. पुढे घरी खेळण्याच्या काही आवृत्त्यांत सारी कथा न खेळता सलग पाहण्याची सोय झाली. तशी ती पाहिली की चित्रे तीच, पण डर्क कोठेच चुकत नाही, म्हणून मरतही नाही, आणि करमणूक निम्म्यावर येते. चित्रांना खेळाची गरज होती ती एवढ्यासाठी, की कोणीतरी चुकावे.

राहिला प्रश्न ‘पुन्हा झाला नाही’ ह्याचा. कॅनडातील मोल्डनहॉअर बंधूंच्या ‘कपहेड’ने 2017 साली ते म्हणणे खोडून काढले आहे. 1930च्या दशकातील सचेतपटांच्या धर्तीवर कागदावर पेन्सिलीने काढलेली आणि शाईने गिरविलेली ही चित्रे खेळणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीला उत्तर देतात. येथे पाठांतर पुरत नाही. तरी एक उणीव नोंदविणे भाग आहे. पात्रांच्या मागे जलरंगांत रंगविलेली सुंदर दृश्ये आहेत, परंतु समोरून येणारे वार चुकविताना खेळणाऱ्याची नजर त्यांवर ठरत नाही. ती निवांत पाहावयास मिळतात शेजारी बसलेल्याला.