वाजविणारा कुठे आहे?

दलित साहित्याच्या समीक्षेने गाण्याचा विचार केला तो शब्दांपुरता. भीमगीतातील आशय, शाहिरीतील नकार, जलशातील प्रबोधन यांवर प्रबंध लिहिले गेले, चर्चासत्रे झाली, पदव्या मिळाल्या. पण ढोलकीवर हात कोणाचा पडत होता, क्लॅरिओनेट फुंकणाऱ्याला रात्रीचे काय मिळत होते, तो कोणत्या दाराने आत येत होता, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेत आलेच नाहीत. जणू गाणे आपोआप वाजते. माझ्या घरात पहिली पदवी माझी. माझ्या आधीच्या पिढ्यांजवळ हलगी होती. लग्न पाटलाचे, मांडव पाटलाचा आणि हलगी वाजविणारा मांडवाच्या बाहेर. त्याची भाकर पंगत उठल्यावर. तेव्हा या विषयात मी तटस्थ नाही, आणि तसा दावाही करीत नाही.

हलगी गेली, बँड आला. बँडनंतर बँजो पार्टी आली, ऑर्केस्ट्रा आला आणि आता डीजे आहे. हे सारे मी करमणुकीचा इतिहास म्हणून सांगत नाही. आपल्या वस्त्यांतील एका मोठ्या श्रमिक वर्गाचा हा इतिहास आहे. आमच्या शहरातही परमिट रूममध्ये, हॉटेलांत रात्री गाणारे-वाजविणारे आहेत. माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. रात्री ऑक्टोपॅड वाजवायचा आणि सकाळच्या तासाला शेवटच्या बाकावर पेंगायचा. एका अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात त्याने 'मजुरी' असे लिहिले. कार्यालयातल्या कारकुनाने ते खोडून 'कलाकार' लिहायला सांगितले. मला विचाराल तर पोराचा शब्द अचूक होता. कलाकाराला मानधन मिळते, आणि ते कमी पडले तर तक्रार करण्याची जागा असते. याला रात्र संपली की रोख पैसे. ग्राहक नव्हते म्हणून कधी तेही अर्धे. हजेरीपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. हॉटेलच्या नोकरांत त्याची गणना नाही आणि कलावंतांच्या यादीतही नाव नाही.

महाराष्ट्रात या रंगमंचावर गेली वीस वर्षे कायदा चालू आहे, आणि तो कायदा एक संहिता म्हणून वाचण्यासारखा आहे. २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ हे कलम घालून बिअर बार, परमिट रूम, खानावळी यांतील नाच बंद केला गेला. लगेच पुढच्या ३३-ब कलमाने तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना आणि सभासदांच्या क्लबांना मोकळीक दिली. म्हणजे तोच नाच, तेच गाणे, तोच पेला. फरक फक्त खुर्चीवर बसणाऱ्याच्या खिशाचा! मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे कलम रद्द ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. समतेच्या आणि व्यवसाय स्वातंत्र्याच्या हक्कांचा हा भंग आहे असे न्यायालय म्हणाले. दरम्यान पाऊण लाखाच्या आसपास स्त्रियांचा रोजगार बुडाल्याचे सांगितले गेले. शासनाने २०१६ मध्ये नवा कायदा आणला. सीसीटीव्हीची सक्ती आणि शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतराची अट त्याच्या चौकटीत होती. २०१९ मध्ये न्यायालयाने त्या काढून टाकल्या. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ आणि नोटा उधळण्यावरची बंदी मात्र ठेवली.

आमच्या शहराभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने आहेत. तिथे तयार होणारा माल 'उद्योग' ठरतो, त्याची आकडेवारी अभिमानाने सांगितली जाते. त्याच बाटलीसमोर उभे राहून गाणारी बाई आणि तिच्यामागे बसलेला ढोलकवाला तेवढे समाजाला बिघडविणारे!

या वादात आपलीही माणसे दोन्ही बाजूंना होती, हे विसरता येत नाही. २००५ च्या बंदीच्या वेळी स्त्री चळवळ दुभंगली. एक बाजू रोजगाराचा हक्क मांडत होती. काही दलित-बहुजन स्त्रीवादी कार्यकर्त्या म्हणत होत्या की बारमधील नाच म्हणजे जातीने लादलेल्या लैंगिक श्रमाचेच नवे रूप आहे, त्याला हक्क कसला म्हणायचे? हा प्रश्न खोटा नव्हता. समीना दलवाई यांनी २०१९ मधील आपल्या इंग्रजी पुस्तकात डान्स बार आणि जात यांचा संबंध उलगडला. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या ग्रंथात तमाशाच्या निमित्ताने 'अश्लील' या शब्दामागील जातीचे राजकारण उघडे केले आणि 'माणुसकी'च्या आपल्या लढ्यातही तमासगीर स्त्रीची कशी कोंडी झाली ते दाखविले. ही दोन्ही पुस्तके मराठीत चर्चिली जायला हवीत. त्यांचा भर स्त्रीवर आहे, तो असायलाच हवा, कारण कलंक तिच्याच माथी मारला जातो. माझी मागणी एवढीच की तिच्यामागे बसलेल्या वादकालाही त्या उजेडात आणावे. रोजंदारी दोघांची एकच आहे.

येथे कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी तर हे सारे नाकारायला सांगितले. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाही, ही हकिकत चळवळीत वारंवार सांगितली जाते. पण तिच्याबरोबर दुसरी गोष्ट सांगितली जात नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाला बाबासाहेबांचा आशीर्वाद होता. जलशात ढोलकी होती, सूर होता, तमाशाचाच साचा होता; बाईला नाचविणे मात्र नव्हते. म्हणजे नकार वाद्याला नव्हता. आपल्या बाईच्या देहावर उभ्या राहिलेल्या पैशाला तो नकार होता, आणि गावकीने जन्मतः लादलेल्या कामाला होता. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याची कला ही वेठ होते. मग ती पाटलाच्या मांडवात असो की हॉटेलच्या मंचावर.

धर्मांतराच्या आगेमागे गावोगावच्या महारांनी गावकीची कामे सोडली, वाजविणे सोडले आणि त्यापायी बहिष्कार सोसले. हा आपल्या अस्मितेच्या इतिहासातील तेजस्वी भाग आहे. त्यावर कविता आहेत, आत्मकथने आहेत. पण ज्यांनी सोडले नाही, ज्यांना सोडता आले नाही, त्यांचे काय? आम्ही मातंग बऱ्याच ठिकाणी वाजवीत राहिलो. त्याबद्दल आम्हाला 'मागे राहिलेले' म्हटले गेले. कधी प्रेमाने, कधी तुच्छतेने. नामांतरासाठी १९७८ मध्ये जीव देणारे पोचिराम कांबळे मातंग होते, हे तेव्हा कुणाला आठवत नाही. वाजविणाऱ्याने वाद्य खाली ठेवावे यासाठी त्याच्या हातात दुसरे काही द्यावे लागते. जमीन कुणी दिली? नोकऱ्या किती मिळाल्या?

ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात एक अट होती: मंचावर चार स्त्रिया आणि चार पुरुष, त्याहून अधिक नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्री-पुरुषांची ही वाटणी रद्द केली. एकूण आठ ही मर्यादा राहिली. त्यांत स्त्रिया किती, पुरुष किती, हे आता मालक आणि कलावंत ठरवू शकतात. निकाल स्वागतार्ह आहे. मात्र खटला मालकांच्या परवान्याचा होता, वेतनाचा प्रश्न त्यात नव्हताच. कायद्याने मंचावरची डोकी मोजली. त्या डोक्यांना किती मिळते हे कुणी विचारले नाही.

आणि डीजे? आपल्या नियतकालिकांतून डीजेवर बरीच टीका होते. जयंतीचे गांभीर्य गेले, विचार गेला, धिंगाणा राहिला, असा तिचा सूर असतो. त्यात तथ्य आहे, पण ही टीका ऐकणाऱ्याच्या बाजूची आहे. मला एक वेगळीच गोष्ट खटकते. भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. वामनदादांची परंपरा हीच. ती सही असते, आणि ज्याच्या बापाला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते त्याने केलेली सही असते. डीजेच्या मिश्रणात बहुतेक वेळा ध्रुवपद आणि पहिले कडवे तेवढे उरते, ठेका वाढतो, आणि शेवटचे कडवे वाजतच नाही. सहीच कापली जाते. क्रांती चौकात हजारो पोरे ज्या ओळीवर नाचतात ती कुणाची हे त्यातल्या किती जणांना सांगता येईल? विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे झगडलेल्या या शहरात हे घडावे!

दोष यंत्र चालविणाऱ्या पोराचा नाही. तो बहुधा मालक नसतोच. मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, जनरेटर, गाडी हे भांडवल दुसऱ्याचे, अनेकदा कर्जाचे. हा दिवसाच्या बोलीवर भिंतीजवळ उभा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. ते नियम रहिवाशांसाठी आहेत आणि योग्यच आहेत. कारखान्यातील कामगारासाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. हा मुलगा कोणत्या कारखान्यात मोजायचा? मिरवणुकीवर गुन्हा नोंदवला गेला की यंत्राबरोबर त्यालाही चौकीत बसविले जाते.

येत्या एप्रिलपूर्वी शहरातील जयंती मंडळे डीजेशी बोली करतील. किती बेस, किती टॉप, किती वाजेपर्यंत, विसार किती, हे ठरते. चालविणाऱ्याची मजुरी, त्याचे जेवण, कानांत घालायचे बोळे, यांचा शब्द निघत नाही. गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवावे असाही नाही. ही बोली करायला परका मालक येत नाही. आपलेच कार्यकर्ते बसलेले असतात, आणि त्यांत माझे काही विद्यार्थीही असतात.