हसं अँकरचं, हिशेब कुणाचा?

आज आपण ‘फ्रंटलाइन’ या ऑस्ट्रेलियन मालिकेबद्दल बोलू. १९९४ ते १९९७ या काळात तिथल्या एबीसी या सार्वजनिक वाहिनीवर तिचे ३९ भाग झाले. विषय एकच : प्रेक्षकसंख्येमागे धावणाऱ्या एका काल्पनिक वृत्त-कार्यक्रमाचं ऑफिस.

अँकर माइक मूर, म्हणजे रॉब सिच, हा पोकळ पण स्वतःवर खूश असलेला गृहस्थ. खरे निर्णय त्याच्या पाठीमागे होतात. त्याला आपण पोटभर हसतो. पण आम्हाला वाटतं, मालिकेची खरी धार एमा वॉर्ड या निर्मातीत आहे. चूक काय ते तिला कळतं, ती बोलूनही दाखवते. आणि मग? मग मुकाट्याने कामाला लागते. लबाड माणसावर विनोद करणं सोपं. विवेक शाबूत असूनही रोज तडजोड करणाऱ्या माणसावर करणं अवघड. ‘फ्रंटलाइन’ने ते केलं.

यातलं पुष्कळ वास्तवातून आलंय. १९९३ साली न्यू साउथ वेल्समधल्या कँगाई इथे बंदूकधाऱ्यांनी मुलांना ओलीस ठेवलं होतं. तेव्हा माइक विलेसी या नामवंत अँकरने त्यांना फोन लावला, मुलांशीही बोलला, आणि ते टीव्हीवर दाखवलं गेलं. मालिकेत अशाच ओलीसनाट्यावर एक भाग आहे. हसता हसता आपण थबकतो : पोलिसांचं काम चाललेलं असताना ही फोनाफोनी नेमकी कुणासाठी?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. २६/११ला मुंबईत कमांडोंची कारवाई वाहिन्यांनी थेट दाखवली. कसाब खटल्याच्या २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले : यात देशहित नव्हतं, वाहिन्यांचा व्यापारी स्वार्थ होता. तिथे माइकसारखा एखादा मूर्ख लागला नाही. हिशेब जाणणारी शहाणी माणसं पुरेशी होती.

मालिकेची मर्यादाही इथेच दिसते. माइक इतका बावळट आहे की त्याला हसून आपण सुटतो. ‘लोकांना हेच हवं असतं,’ असं जेव्हा न्यूजरूममध्ये म्हटलं जातं, तेव्हा ते ‘लोक’ म्हणजे सोफ्यावर बसलेले आपणच, याचा जाब ती आपल्याला पुरेसा विचारत नाही. तो आपला आपणच विचारायला हवा, रिमोट हातात असतानाच.

आता प्रश्न घेऊ या.