खलनायकाचे नाव : ‘वेताळ’ चित्रकथांचे भारतीय रूपांतर

मराठी समीक्षेत ‘प्रतिनायक’ ही संज्ञा आज दोन परस्परविरोधी अर्थांनी वावरते. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायकाचे जे लक्षण केले ते नायकाच्या शत्रूचे आहे : तो लोभी, उद्धट आणि पापाचरणी असतो, आणि त्याची उदाहरणे म्हणून टीकाकार रावण व दुर्योधन यांच्याकडे बोट दाखवतो. आधुनिक समीक्षेने मात्र हाच शब्द ‘अँटी-हीरो’साठी, म्हणजे नायकत्वाचे गुण नसलेल्या किंवा ते नाकारणाऱ्या मध्यवर्ती पात्रासाठी वापरायला घेतला. त्यामुळे शत्रूसाठी ‘खलनायक’ हा पर्यायी शब्द पुढे करावा लागला. हा केवळ कोशकारांचा प्रश्न नाही. नायकाचा शत्रू आणि नायकातच दडलेले अनायकत्व यांची सरमिसळ ही लोकप्रिय कथनप्रकारांत प्रत्यक्ष घडणारी गोष्ट आहे. आणि ती तपासण्यासाठी चित्रकथेइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. चित्रकथेत खलनायकाला चेहरा, रंग आणि नाव या तिन्ही गोष्टी पहिल्याच चौकटीत द्याव्या लागतात. कादंबरीकाराप्रमाणे त्याला संदिग्ध ठेवण्याची मुभा चित्रकाराला फारशी नसते.

ली फॉक यांनी लिहिलेली आणि प्रारंभी रे मूर यांनी चितारलेली ‘फँटम’ ही चित्रमालिका 17 फेब्रुवारी 1936 रोजी अमेरिकेतील वृत्तपत्रांतून सुरू झाली. भारतात ती ग्रंथरूपाने पोहोचली ती टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून. मार्च 1964 मध्ये सुरू झालेली ही माला पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघाली आणि 1990 मध्ये बंद पडली. मराठी वाचकाच्या दोन पिढ्यांना हा नायक ‘वेताळ’ या नावाने परिचित आहे. बालवाङ्मय म्हणून तो बाजूला सारला गेला, आणि त्यामुळेच त्याच्या भाषांतरात काय घडले याकडे गांभीर्याने पाहिले गेले नाही.

मूळ कथेची रचना साधी आहे. सोळाव्या शतकात चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. कप्तान मारला गेला, त्याचा मुलगा किनाऱ्याला लागला आणि बांदर जमातीच्या लोकांनी त्याला वाचवले. पुढे वडिलांच्या मारेकऱ्याची कवटी हाती धरून त्याने चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या विनाशाची शपथ घेतली आणि आपल्या वंशजांनाही तिने बांधून टाकले. व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 च्या आपल्या ग्रंथात रशियन अद्भुतकथांच्या संदर्भात दाखवून दिले होते की, कथेला गती मिळते ती खलाने केलेल्या हानीमुळे. नायक हा त्या हानीला दिलेला प्रतिसाद असतो. फॉक यांनी हे तत्त्व वंशपरंपरेला लावले. चाचा नसता तर वेताळ नसता, आणि चाच्यांचे कुळ टिकून राहिले म्हणूनच वेताळाचे कुळही टिकून आहे. कवटीची गुहा, कवटीचे सिंहासन, शत्रूच्या जबड्यावर उमटणारी कवटीची मुद्रा ही सगळी चिन्हे मुळात मारेकऱ्याच्या मस्तकाची आहेत. नायक आयुष्यभर खलनायकाची खूण अंगावर वागवतो, ही या मालिकेतील सर्वांत अर्थपूर्ण बाब होय, आणि फॉक यांनी तिचा पुरेसा विचार केला होता असे मात्र दिसत नाही.

उम्बेर्तो एको यांनी 1962 मध्ये सुपरमॅनविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले की, त्या कथांत काळ धूसर ठेवला जातो. नायकाने काही केले तर तो काही अंशी मृत्यूकडे सरकतो, म्हणून प्रत्येक कथा जणू आधी काही घडलेच नाही अशी सुरू करावी लागते. वेताळाच्या बाबतीत हे सूत्र वेगळ्या रीतीने लागू पडते. येथे नायक मरतो, वीस वेळा मेलेला आहे, आणि एकविसावा त्याच पोशाखात उभा आहे. अमरत्व आहे ते पोशाखाला. अरण्यातील लोक त्याला चारशे वर्षांचा, न मरणारा पुरुष समजतात; सत्य फक्त बांदर जमातीला आणि काही निकटवर्तीयांना ठाऊक आहे. म्हणजेच या नायकाची सत्ता एका काळजीपूर्वक जपलेल्या असत्यावर उभी आहे. त्याच्या धाकाने टिकलेली शांतता ही ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच फसवून मिळवलेली आहे. मालिकेला यात काही वावगे वाटत नाही. पुढे बांगाला स्वतंत्र होतो, डॉ. लामांडा लुआगा हे लोकनियुक्त अध्यक्ष होतात, हुकूमशाहीकडे झुकलेला जनरल बाबाबू खलनायक ठरतो. तरीही अरण्यरक्षक दलाचा अदृश्य सेनापती वेताळच राहतो आणि त्याचे आदेश एका तिजोरीतून मिळत राहतात. निवडून आलेला अध्यक्ष आणि कोणी न निवडलेला गोरा सेनापती यांच्यात कधी संघर्ष उद्भवत नाही. जनरलची सत्ता अवैध आणि वेताळाची वैध, हे ठरवायचे कशाच्या आधारे? मालिकेचे उत्तर एवढेच की, वेताळ चांगला आहे. आधुनिक अर्थाचा प्रतिनायक येथे बीजरूपाने आहे; लेखकाने त्याला अंकुरू दिलेले नाही.

भारतीय आवृत्तीत याच कथेवर जे संस्कार झाले ते नावांवर झाले. मूळ मालिकेत चाच्यांचा संघ ‘सिंग’ नावाचा आहे. एकविसाव्या फँटमच्या वडिलांना मारणारा चाचा ‘रामा’ आहे. आणि कथेची भूमी सुरुवातीला आशियात, ‘बंगाली’ नावाने अवतरली, मग ‘बांगाला’ होत आफ्रिकेत स्थिरावली. भारतीय आवृत्तीने ‘सिंग’चे ‘सिंगा’, ‘रामा’चे ‘रामालू’ आणि भूमीचे ‘डेंकाली’ केले. वाचकांच्या भावना दुखावू नयेत हे कारण उघड आहे, आणि प्रकाशकाच्या दृष्टीने ते पुरेसेही होते. इंद्रजालचा पहिलाच अंक वेताळाच्या पट्ट्याच्या कथेचा, म्हणजे पित्याच्या मारेकऱ्याच्या शोधाचा होता, हे लक्षात घेतले तर अडचण किती तातडीची होती ते कळते. मारेकऱ्याला रामाचे नाव देऊन कोणती माला भारतात सुरू करता आली असती?

परंतु या बदलाचा परिणाम शिष्टाचारापुरता उरत नाही. मूळ संहितेत भारतीय नावाचा माणूस कुठे उभा आहे याबद्दल संदेह नव्हता : तो किनाऱ्यावर सुरा घेऊन उभा होता. युरोपीय जहाज हे निरपराध, पौर्वात्य चाचा हा आक्रमक, आणि त्या आक्रमणातून गोऱ्या वंशाचा अरण्यावरील नैतिक हक्क सिद्ध होतो, असा हा वसाहतवादी इतिहासाचा उलटा फिरवलेला आरसा होता. सोळाव्या शतकात याच समुद्रांवर कोण कोणाची जहाजे लुटत होते, परवाने कोण विकत होते, हे पोर्तुगीजांचा अंमल पाहिलेल्या कोकण-गोव्याच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. ‘सिंग’ हे नाव कायम राहिले असते तर भारतीय वाचकाला ठेच लागली असती. आणि ठेच लागली की माणूस खाली पाहतो. नाव बदलल्याने वाचकाची वाट सपाट झाली. तो निर्वेधपणे नायकाच्या घोड्यावर बसला. रचना जशीच्या तशी राहिली, तिच्याविषयी सावध करणारी खूण तेवढी पुसली गेली. आरिएल डॉर्फमन आणि आर्मां मातलार यांनी 1971 मध्ये चिलीत डिस्नेच्या चित्रकथांची जी चिकित्सा केली, तिच्यात आयात चित्रकथा वाचकाला स्वतःकडे परक्याच्या नजरेने पाहायला शिकवते हा मुद्दा मध्यवर्ती होता. भारतीय भाषांतराने त्याहून सूक्ष्म गोष्ट साधली : त्या नजरेच्या टप्प्यात आपण आहोत हेच वाचकाला कळू दिले नाही.

तथापि, नायकाच्या नावाबाबत नेमके उलट घडले. ‘वेताळ’ हा शब्द भाषांतरकाराने केवळ भुताशी संबंधित म्हणून घेतला असेल. पण मराठी मुलखात त्या शब्दामागे फार मोठे जग उभे आहे. वेताळ हा भूतगणांचा अधिपती आहे, विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा कथेकरी आहे, आणि कोकण-गोव्यात तर ग्रामरक्षक देव आहे. काणकोणातील लोलये येथील त्याची भव्य पाषाणमूर्ती प्रसिद्ध आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठाल्या चामडी चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करीत हिंडतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. फॉक यांच्या नायकाची ‘चालते-फिरते भूत’ ही ख्याती आणि चपला झिजवणारा हा देव यांचे साम्य थक्क करणारे आहे. इतके चपखल नाव योगायोगाने सापडले असेल, तर तो भाषेचाच शहाणपणा म्हणावा लागेल.

साम्याइतकाच भेदही बोलका आहे. वेतोबा गावाचा आहे. नवस बोलून, फेडून, प्रसंगी जाब विचारून गाव त्याच्याशी व्यवहार करते. तो भीतिदायक आहे, पण त्याची भीती कोणापासून लपवलेल्या गुपितावर अवलंबून नाही. रक्षक आणि भयकारी ही दोन्ही रूपे लोकमानसाने एकाच मूर्तीत उघडपणे मान्य केली आहेत. फॉक यांचा नायक मात्र भय शत्रूंसाठी आणि वात्सल्य प्रजेसाठी अशी वाटणी करतो. मराठी नावाने त्याला जी द्विधा, अर्धी काळोखी प्रतिमा देऊ केली ती चित्रांतील घट्ट जांभळ्या पोशाखाच्या सज्जन गृहस्थाला पेलली नाही. 1977 मध्ये डायनाशी त्याचे लग्न लागल्यावर तर उरलासुरला काळोखही गेला.

या संदर्भात इंद्रजालमधूनच 1976 मध्ये अवतरलेल्या ‘बहादूर’चे महत्त्व ध्यानात येते. आबिद सुरती यांनी निर्माण केलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला हा नायक भैरवसिंग नावाच्या दरोडेखोराचा मुलगा आहे. पिता पोलिसांच्या हातून मारला गेला आहे, आणि मुलाच्या मनात आधी सूडच आहे. फॉक यांच्या कथेचे हे तंतोतंत व्यस्त रूप आहे. तेथे पिता बळी होता आणि खलनायक परका. येथे पिताच खल आहे. शपथ घेण्यासाठी हाती धरायला शत्रूची कवटी नाही, जे काही वाईट आहे ते स्वतःच्याच रक्तात आहे. परक्या कथेतील चाच्यांच्या माथ्यावरून जे ‘सिंग’ हे नाव पुसले गेले होते, ते भारतीय नायकाच्या बापाच्या नावात ‘सिंग’ म्हणूनच परतले. आणि ‘भैरव’ हा तर वेताळाचा सखा-सांगाती! लेखकाच्या मनात हे होते की नाही हा प्रश्न गौण आहे.

चंबळच्या दरोडेखोरांनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रे ठेवली ती 1972 मध्ये. खलाचे परिवर्तन होऊ शकते ही कल्पना तेव्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होती. बहादूरच्या कथेने ती उचलली, आणि तेथवर ती आपल्या मूळ नमुन्यापेक्षा निःसंशय प्रौढ आहे. पण बहादूर सूड सोडतो तो पोलीसप्रमुखाच्या समजावणीने, आणि पुढे नागरिकांचे सुरक्षा दल उभारून पोलिसांच्या बरोबरीने गुन्हेगारांशी लढतो. नागरिकांनी बंदूक घेऊन शासनाच्या शेजारी उभे राहावे, या चित्राचा जन्म आणीबाणीच्या वर्षात व्हावा हे नजरेआड करता येत नाही. बाप दरोडेखोर का झाला, हा प्रश्न या नायकाला विचारता आला असता. त्याच्याकडे तो विचारण्याचा अधिकार होता, जो वेताळाकडे कधीच नव्हता. जमीन, सावकारी, जातीचे वैर ही चंबळच्या बेहडांत बंदूक उचलण्याची कारणे सर्वश्रुत होती. मालिकेने पित्याचा गुन्हा मान्य केला, त्याचा इतिहास मात्र मुलाच्या हाती दिला नाही. भगव्या झब्ब्यातील आणि जीन्समधील हा तरुण अंकामागून अंक नवनव्या टोळ्यांचा बंदोबस्त करीत राहिला, आणि त्या टोळ्यांतील कोणाच्याही मुलाची गोष्ट पुढे त्याच्या वाट्याला आली नाही.