आवाज कुठल्या सालचा?

चर्चिलचं ४ जून १९४० चं, समुद्रकिनाऱ्यांवर लढण्याचं भाषण आपण ध्वनिमुद्रिकेवर ऐकतो आणि अंगावर काटा येतो. पण त्या दिवशी संसदेत ध्वनिमुद्रण झालंच नव्हतं. आपण ऐकतो तो आवाज १९४९ चा. ७४ वर्षांच्या, युद्ध जिंकून चुकलेल्या माणसाचा. शब्द तेच, पण अर्थ? डंकर्कहून सैन्य कसंबसं परतलं होतं. अशा माघारीला विजय समजू नका, हेही त्याच भाषणात बजावलेलं. पुढचा निकाल तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. मुद्रिकेतल्या आवाजाला तो ठाऊक आहे. म्हणून आपण हे भाषण आधी वाचावं, मग ऐकावं. नुसतं ऐकलं, तर त्या निर्धारातली जोखीम आपल्या कानांपर्यंत पोचतच नाही.