विनामूल्य धडे आणि स्वयंभू गांधार

आम्ही रावेतला राहतो. इथे आता उंच इमारती झाल्या आहेत. पण देहू जवळ असल्याने भजनाची आवड टिकून आहे. आमच्या शेजारचा अकरावीतला मुलगा वर्षभर संगणकावर ध्वनिमुद्रण आणि संगीत-संयोजन शिकतो आहे. शिकवणारे कोणी नाही. सारे शिक्षण इंटरनेटवरच्या विनामूल्य अभ्यासक्रमांतून. वडील चाकणच्या कारखान्यात पाळीवर जातात आणि सुट्टीच्या दिवशी मंडळात पखवाज वाजवतात. मुलाने त्यांचेच भजन मुद्रित केले, शिकल्याप्रमाणे ‘दुरुस्त’ केले आणि मला ऐकवले. आवाज स्वच्छ होता, पण भजनातला जीव गेला होता.

“पप्पांची लय हलते, ती मी सरळ केली,” तो म्हणाला. वडील शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “हलत नाही रे, चढते.”

हे अभ्यासक्रम नेमके काय शिकवतात, हे पाहावे असे मला तेव्हा वाटले.

प्रथम त्यांचे गुण सांगितले पाहिजेत. अमेरिकेतल्या बर्कली संगीत महाविद्यालयाचे लाउडन स्टर्न्स यांचा संगीत-निर्मितीची ओळख करून देणारा अभ्यासक्रम २०१३ मध्ये कोर्सेरावर आला. मायक्रोफोनपासून संगणकापर्यंत ध्वनीचा प्रवास कसा होतो, गाळणी आणि प्रतिध्वनी यांचा उपयोग काय, कृत्रिम स्वर कसा तयार होतो, हे त्यात क्रमाने येते. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातले तरंग इथे कानाने ऐकू येतात. बर्लिनच्या एबलटन कंपनीने २०१७ मध्ये ‘लर्निंग म्युझिक’ हे धडे सर्वांसाठी खुले केले. त्यात आधी चौकोन दाबून ताल तयार करायचा आणि संज्ञा मागाहून शिकायच्या. कृतीतून संकल्पनेकडे जाण्याची ही पद्धत आपल्या पाठ्यपुस्तकांनीही घ्यावी अशी आहे.

दोष आहे तो न सांगितलेल्या गृहीतकांत. पहिले गृहीतक तालाचे. काळाचे समान चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक आघात जवळच्या रेघेवर नेऊन बसवण्याची सोय असते. आता भजन मिनिटाला ८० मात्रांनी सुरू झाले असे समजा. एक मात्रा ०.७५ सेकंदाची, तिचे चार भाग केले, तर एक घर ०.१८७५ सेकंदाचे. आघात जास्तीत जास्त त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ९४ मिलिसेकंद सरकेल. पण भजन रंगात येऊन लय १२० झाली की मात्रा अर्ध्या सेकंदाची होते आणि तिचे चार बोल ०.१२५ सेकंदाच्या अंतराने पडतात. घर मात्र जुन्याच मापाचे. मग दोन बोल एकाच रेघेवर येऊन आदळतात. शेजारच्या मुलाच्या ‘दुरुस्ती’त नेमके हेच झाले होते. मोजपट्टी ताणली नाही आणि वस्तू मात्र कापली गेली! प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने असे केले, तर आपण त्याला गुण देत नाही.

दुसरे गृहीतक स्वरांचे. या धड्यांत सप्तकाचे बारा सारखे भाग असतात. तंबोऱ्याला हे मान्य नाही. खर्जाची तार नीट लागली की न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो. त्यालाच गायक स्वयंभू गांधार म्हणतात. तो तारेच्या मूळ कंप्रतेच्या पाचपट कंप्रतेचा असतो. सप्तकाच्या हिशेबात आणल्यास षड्ज आणि हा गांधार यांचे गुणोत्तर ५:४ येते. षड्ज २४० हर्ट्झ असेल, तर गांधार ३०० हर्ट्झ. समान बारा भागांतला गांधार मात्र सुमारे ३०२.४ हर्ट्झचा.

फरक ऐकायला खर्च नाही. ‘ऑडॅसिटी’ या मोफत संगणक-प्रणालीत ३०० आणि ३०२.४ हर्ट्झचे दोन स्वर दोन पट्ट्यांवर तयार करा आणि एकत्र वाजवा. आवाज कमी-जास्त होत राहील. हे विस्पंद. पाच सेकंदांत ते मोजा, बारा भरतील. वर्गातला प्रत्येक विद्यार्थी ते मोजू शकतो.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गायक अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने स्वर मोजले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सोबतीने श्रुती-हार्मोनियमचाही प्रयत्न झाला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पासून सैल झाली. देवलांची सर्व अनुमाने आज कोणी मान्य करणार नाही. पण वाद्य जे देते तेच खरे, असे न मानता त्यांनी गळा मोजायला घेतला, ही दृष्टी शास्त्रीय होती.

दोष यंत्राचा म्हणावा, तर तसेही नाही. एबलटनच्याच प्रणालीच्या २०२४ मधल्या बाराव्या आवृत्तीत वेगवेगळ्या स्वरसप्तकांची सोय आली आहे. लयीप्रमाणे चौकोनांची जाळी ताणण्याची सोय तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. साधने आहेत, ती केव्हा आणि का वापरायची, हे सुरुवातीचे धडे सांगत नाहीत. चित्रफितीला विद्यार्थ्याच्या घरचे संगीत ऐकू येत नाही, आणि बहुपर्यायी प्रश्नांतून त्याचा कान तपासला जात नाही. परिणामी, घरात जे वाजते तेच चुकीचे, असा समज हुशार मुलाचाही होतो. मला यातले सर्वांत मोठे नुकसान हेच वाटते.

तेव्हा शिक्षकांनी हे अभ्यासक्रम टाळू नयेत. त्यांच्या जोडीला तीन प्रश्न द्यावेत: या धड्याने काय गृहीत धरले आहे? ते आपल्या गावच्या संगीताला लागू पडते का? नसेल, तर किती फरक आहे, तो मोजता येईल का?

शेजारच्या मुलाने मूळ मुद्रण पुन्हा उघडले. या वेळी आघात जागच्या जागी ठेवून त्याने फक्त त्यांच्यामधले अंतर मोजले आणि आलेख काढला. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढत गेलेली होती. कागद वडिलांना दाखवून तो म्हणाला, “पप्पा, चढतेच आहे.”