श्रेयांक कुणाचे, वेळ कुणाचा?

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिपला आणि समुदाय सहभागाला श्रेयांक दिले, ते आम्हाला मान्यच आहे. पण शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या धनगरवाड्यावर पोरं प्रश्नावली घेऊन जातात, तेव्हा शिकवतं कोण? दिवसाचा रोज बुडवून उत्तरं देणारी बाई. तिला श्रेयांक नाहीत, अहवालाची प्रतही नाही! कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’त विद्यार्थ्याचा घाम तरी दिसायचा. १९६९ पासूनच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात निदान एखादा बांध उभा राहतो (सगळीकडे नाही म्हणा). इथे उभी राहते ती फाईल. आमचं म्हणणं, अहवाल आधी ग्रामसभेत मराठीत वाचावा, चुकलेलं वाडीनं खोडावं, आणि मगच प्राध्यापकांनी गुण द्यावेत.